मालकानं नेली

बजट हा शब्द आमच्या झोपडीत माझ्या नवऱ्यानं आणला. ती झोपडी आमची नव्हतीच. वैनगंगेपलीकडच्या जंगलात सागवानाच्या लाकडांचा एक डेपो होता, तिथे माझा नवरा मुनशी होता. लाकडं मोजायची, त्यांच्या थप्प्या लावून घ्यायच्या, गाड्या भरून रवाना करायच्या, हे त्याचं काम. डेपोच्या ठेकेदारानं बांबूच्या तट्ट्या उभ्या करून, वर गवत टाकून आम्हाला राहायला दिलं होतं. ठेकेदार नागपूरचा. त्याला सगळे मालक म्हणत. महिन्या-दोन महिन्यांनी तो मोटारीनं यायचा, मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा आणि मोठ्यानं पेपर वाचायचा. माझा नवरा शेजारी उभा राहून ऐकायचा. सरकारनं बजट मांडलं, अमुक गोष्टीला इतके ठेवले, तमुक गोष्टीला तितके, हे त्यानं तिथंच ऐकलं. स्वतंत्र देशाचं सरकार तेव्हा नवं होतं आणि त्याचे शब्दही नवे होते.

घरी येऊन पाय धुता धुता तो म्हणाला, "आपणबी बजट बसवू. पैसा येते आन् जाते, कुठी जाते ते समजतच नाई."

मला हसू आलं. आमच्याकडे यायचा किती आणि जायचा किती! पण त्या दिवसांत मी हसले हीच मोठी गोष्ट होती, म्हणून तोही हसला.

त्याचं कारण सांगते. त्याच हिवाळ्यात आमचं पहिलं मूल गेलं होतं. गेलं म्हणजे आलंच नाही. माझी आई माझ्या लग्नाआधीच वारलेली, त्यामुळे बाळंतपणाला सावली गावी माहेरी बोलावणारं कोणी नव्हतं. डेपोच्या शेजारी एक छोटं गोंडांचं गाव होतं, तिथली एक बाई सुईणपण करायची. तिनं तिला येत होतं ते सगळं केलं. पोर आडवं होतं. शेवटी ती माझ्या नवऱ्याला बाहेर जाऊन म्हणाली, "भाऊ, हे माया हातचं काम नाई, चांद्याले न्या." चांद्याला, जिल्ह्याच्या दवाखान्यात, न्यायचं म्हणजे बैलगाडीनं नदीपर्यंत, डोंग्यानं पलीकडे, परत गाडीनं मूल गावापर्यंत आणि तिथून लहान रेल्वेनं. त्याच्या खिशात बिडीकाडीपुरतेही पैसे नव्हते. तो गाडीसाठी दारोदार फिरून आला तोवर इकडे सगळं संपलं होतं. तेव्हा तो माझ्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेले तुले चांद्याले नेईन. आधीच नेऊन ठेवीन." हे मी कधीच विसरले नाही. पुढचं सगळं मी त्या एका वाक्याच्या भरवशावर केलं.

तर बजट. मी चौथी शिकलेली होते, पण लिहायला घरात कागद कुठला? मी चिंध्यांचं बजट केलं. पांढऱ्या चिंधीची पुरचुंडी मीठ-तेल-घासलेटाची. लाल चिंधीची सण आणि पाहुण्यांची. पिवळी त्याची, म्हणजे त्याच्या बिड्या आणि त्याच्या आईला गावी पाठवायचे ते. आणि हिरवी चांद्याची. हिरवी चिंधी माझ्या लग्नातल्या खणाची होती, काठाला अजून चमक होती. पगार आला की आम्ही दोघं चुलीसमोर बसायचो, मी पुरचुंड्या सोडून मांडायची आणि तो एकेकीत टाकत जायचा. त्यावरून भांडायचोही. पिवळीत जास्त गेलं की मी म्हणायची, "तुमच्या मायनं एवढ्या पैशाचं काय करावं? हत्ती पाळला का?" मग तो त्यातलं थोडं काढून हिरवीत टाकायचा आणि तोंड फुगवून बसायचा.

हिरवीचा एक नियम होता. ती मी बांधायची आणि माझ्या गाठीवर त्यानं आपली गाठ मारायची. सोडायची तर दोघांनी बसून. हा नियम त्याचाच. "लग्नात बांधली ना, तशी," असं म्हणाला होता. मला ते इतकं आवडलं होतं की पुढे कित्येक दिवस लाकडं फोडतानाही आठवून मी एकटीच हसायची. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

वर्ष गेलं, हिरवी फुगत गेली. मग त्याच्या मनानं घेतलं की पैसा असा पडून ठेवण्यात अर्थ नाही. झोपडीला दार म्हणजे एक तट्टी. चोर आला तर त्यानं ती उचलून बाजूला ठेवायची तेवढीच मेहनत. "पैसा पडून राह्यते, बकरी वाढते," तो म्हणाला. मलाही पटलं. आम्ही दोघांनी बसून गाठी सोडल्या, आधी त्याची, मग माझी, आणि आठवडी बाजारातून एक गाभण बकरी आणली. काळी, कपाळावर पांढरा टिळा. ती आम्ही त्याच सुईण बाईकडे ठेवली. आमच्याकडे अशी रीत आहे: बकरी आपली, चारणं-राखणं दुसऱ्याचं, आणि होणारी पिल्लं अर्धी अर्धी. बाईला मी सांगितलं होतं की ही बकरी कशासाठी आहे. ती म्हणाली, "मग ही बकरी नाई, तुमची चांद्याची गाडी आहे." बकरीला दोन पिल्लं झाली. पाठ, म्हणजे मादी पिल्लू, बाईनं ठेवली, बोकड माझ्या नावाचा. मी बाजाराला जाता-येता त्यांना बघायला वळायची. बोकड भलता मस्तीखोर, मला बघितलं की आधी माझ्या पदराला तोंड लावायचा.

आता एक शब्द सांगितला पाहिजे, कारण सगळं त्या शब्दावर घडलं. त्या जंगलात वाघाला कोणी वाघ म्हणत नसत. नाव घेतलं की तो ऐकतो, अशी समजूत. गोंड आपल्या बोलीत वेगळं काही म्हणत, पण आम्हा मराठी बोलणाऱ्यांत त्याला मालक म्हणत. जंगल त्याचं, म्हणून तो मालक. "काल मालक पाण्यावर आले होते," "मालकानं गोऱ्हा धरला," असं. मी सावलीची, भाताच्या बांध्यांतली मुलगी. मला आधी हे ऐकून गंमत वाटायची. डेपोचाही मालक आणि जंगलाचाही मालक, आणि दोघं येणार कळलं की सगळे सारखेच गप्प. पण जंगलात राहून माझीही जीभ तशीच वळली.

मला पुन्हा दिवस गेले. ते कळल्यावर थोड्याच दिवसांनी एका दुपारी तो डेपोवरून आला, दारात उभा राहिला, आत येईना. मी विचारलं काय झालं. खाली बघत म्हणाला, "बकरी मालकानं नेली."

मी हातातलं काम टाकून उठले. आणि मग काय केलं सांगू? मी त्याचीच समजूत घातली. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला वाटलं, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त खचलाय. त्याला पाणी दिलं. म्हटलं, "जाऊ द्या. बोकड आहे ना. तो मोठा होते तोवर आपल्यालेबी वेळ आहे." तो मान डोलावत जेवला. चांगला जेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गावच्या शिवेवर गेले. तिथे झाडाखाली वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड होता. माझ्याकडून काही चुकलं असेल, म्हणून मालकाची नजर माझ्या बकरीवर गेली, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. लाल पुरचुंडीतून पैसे काढून नारळ आणला होता. मी डोकं टेकून म्हटलं, बकरी खाल्लीस, ठीक, पण बोकड राहू दे, माझ्या पोराचा आहे. माझा नवरा शेजारी हात जोडून उभा होता. नारळ त्यानं फोडला. खोबऱ्याचा तुकडा दगडावर ठेवला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला.

त्यानंतर मी बजट आवळलं. चहा बंद केला, गूळ बंद केला. घासलेट वाचवायला दिवसाउजेडी स्वयंपाक उरकायची. रानातले आवळे वेचून, वाळवून विकले. पोट वाढत होतं आणि वाकणं जड जात होतं, पण हिरवीत काहीतरी पडत राहिलं. मी आवळीखाली वाकलेली त्याला डेपोवरून दिसायची. एकदा येऊन म्हणाला, "कायले एवढं करून राह्यली? होईल ना काहीतरी." मला ती त्याची माया वाटली. मी तरी किती भोळसट!

बोकड छान भरला होता. पौष संपता संपता आम्ही ठरवलं की पुढच्या बाजारी त्याला विकायचा आणि मी चांद्याला जायचं. तिथे माझ्या नवऱ्याच्या ओळखीतलं एक घर होतं, तिथे राहायचं, दिवस भरले की बायकांच्या दवाखान्यात. मी लुगडी धुवून घडी करून ठेवली. बाळासाठी जुन्या धोतराची दुपटी शिवून झाली. सुईण बाईनं माझं पोट चाचपून बघितलं होतं आणि एवढंच म्हणाली होती, "जा बाई, चांद्याले जाच."

बाजाराच्या आदल्या दिवशी तो आला आणि पुन्हा तसाच दारात उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं. "मालकानं?" मीच विचारलं. त्यानं मान डोलावली.

मी रडले नाही. तो डेपोवर परतला आणि मी तशीच उठून गोंडांच्या गावात गेले. वाटलं, ती बाई तरी माझ्यासोबत बसेल, तिचाही बोकडावर जीव होता. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "बाई, मालकाचं पोट भरतच नाई का वो? माझ्याच जनावरावर डोळा काऊन?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मले काय इचारता, मुनशीनबाई? तुमचे पाव्हणे जेवले ना."

"कोणते पाव्हणे?"

"मोटारीतले. मालक आले, संग पाव्हणे आले. दावं तर मुनशीभाऊनंच सोडलं. आधीची बकरीबी त्यायनंच नेली. म्हणे, बाईले माहीत आहे."

मला आधी कळेचना. मोटार आल्याचं मी ऐकलं होतं, पण तिचा बकरीशी संबंध कधी जोडलाच नव्हता. मी वेड्यासारखी म्हटलं, "पण मालकानं नेली ना?"

"हो, मालकानं. तुमच्या मालकानं." तिनं पटकन आपले दोन्ही कान धरले. "आमच्या मालकावर आळ नका घेऊ, बाई. त्यानं यंदा आमच्या गावचं एकबी जनावर धरलं नाई." आणि थोडं थांबून म्हणाली, "तुमी नारळ फोडला म्हणे तेव्हा. काऊन फोडला, हे मी तवाच इचारणार होती."

मला आजही सांगता येत नाही की मी घरी कशी आले. एवढंच आठवतं की सगळ्या वाटेनं मला ते खोबरं दिसत होतं, त्याच्या तोंडात टाकलेलं.

तो जेवायला आला तेव्हा मी चूल पेटवलीच नव्हती. मी विचारलं, "कोणत्या मालकानं?"

त्यानं डोक्याचं फडकं सोडून खुंटीला टांगलं. मग म्हणाला, आणि हे मी शब्दाला शब्द सांगते, "मी खोटं कुठी बोललो? मालकानं नेली म्हटलं. मालकानंच नेली."

म्हणजे शब्द निवडला होता! चुकून नाही, घाबरून नाही. वाटेनं येता येता विचार करून निवडला असणार, की उद्या उघडकीला आलं तर मी खोटा ठरू नये. त्याला माझी काळजी नव्हती, बोकडाची नव्हती, पोटातल्या पोराची नव्हती. आपण खोटं बोललो नाही, याची काळजी होती. मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, "मग देवापुढं हात काऊन जोडले? त्या नारळाले कोणता मालक होता?"

तेव्हा तो बसला आणि बोलायला लागला. मालक पाहुणे घेऊन शिकारीला आला होता, त्याला मटण हवं होतं, इथे जंगलात ऐनवेळी कुठून आणायचं, मालकानं नुसतं म्हटलं "मुनशी, बघ काहीतरी," तर नाही कसं म्हणायचं, नोकरी गेली तर खायचं काय. मी विचारलं, पैसे दिले का? तर म्हणे, मालक म्हणाले, हिशेबात धरू. दोन्ही वेळेला तेच म्हणाले. आणि यानं दोन्ही वेळेला मागितले नाहीत.

"तुले सांगतलं असतं तर तू नाई म्हटली असती," तो म्हणाला.

"नाई म्हटलं नसतं. ने म्हटलं असतं. फक्त पैसे मागून आणा म्हटलं असतं."

तो उठून पाणी प्यायला गेला. आणि मला कळलं की हेच खरं कारण आहे. मी नाही म्हणेन याची त्याला भीती नव्हती. मी हो म्हणून त्याला मालकापुढे हात पसरायला पाठवीन, याची होती. मालकापुढे तोंड उघडण्यापेक्षा माझ्यापुढे शब्द फिरवणं त्याला सोपं वाटलं. त्यानं मला वाघाच्या नावानं घाबरवलं, कारण तो दुसऱ्या मालकाला घाबरत होता. त्याची कीव करावी असं मला पुढे कोणीकोणी सांगितलं. मी नाही केली.

हिरवीत जे होतं ते चांद्याच्या अर्ध्या वाटेलाही पुरलं नसतं. मी गेले नाही. फाल्गुनात, पळस फुलले तेव्हा, त्याच झोपडीत मी बाळंत झाले. सुईण बाईच आली. मी तिचा हात धरून म्हटलं, मागच्यासारखं होईल का? ती म्हणाली, "मले नाई माहीत." इतकं खरं मला त्या महिन्यात कोणीच बोललं नव्हतं, आणि त्या खऱ्याचाच मला धीर आला. तिनं पोटाला तेल लावून, चोळून चोळून पोर वळवलं. माझ्या ओरडण्यानं डेपोवरचे बैल बुजले, असं नंतर गाडीवाले सांगत होते. मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली.

माझ्या नवऱ्यानं डेपोवर गूळ वाटला. सगळे आले, म्हणाले, देवाची कृपा. आणि संध्याकाळी तो माझ्या उशाशी बसला, पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी एक शब्द बोलेल. तो बोलला. म्हणाला, "पाह्य, बरंच झालं. चांद्याचा खर्च वाचला."

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलं आहे. सासूनं, जावांनी, पुढे सुनेनंही. पण त्या एका वाक्याइतकं मला काही लागलं नाही. मी जगले आणि पोर जगली, म्हणून त्याच्या हिशेबी काही झालंच नव्हतं. पोरगी रडली त्या क्षणी त्याच्या अंगावरचं सगळं उतरलं. मी मेले असते तर तो जन्मभर रडला असता, हेही मला ठाऊक होतं. पण जगलेल्या बाईचं कोणी काही देणं लागत नाही.

मी पोरीला दुसऱ्या कुशीला घेतलं. त्याला काही म्हणायला अंगात ताकद नव्हती, आणि म्हटलं तरी उपयोग नव्हता.

पुढचा पगार आला तेव्हा मी अजून बाजेवरच होते. तो नेहमीसारखा चुलीसमोर बसला, आणि मोठ्या उमेदीनं म्हणाला, "चला, बजट करू." मला कमाल वाटली. फडताळातून त्यानं पुरचुंड्या आणल्या. पांढरी, लाल, पिवळी. मग त्यानं सगळीकडे शोधलं. उतरंडीमागे बघितलं, माझ्या लुगड्यांत बघितलं.

"हिरवी कुठी आहे वो?"

"मालकिणीनं नेली," मी म्हटलं.

त्यानं वळून बघितलं. पोरगी माझ्या कुशीत दूध पीत होती. तिच्या डोक्यावर मी शिवलेलं टोपरं होतं, हिरव्या खणाचं, काठ कपाळावर आलेला. त्यातले पैसे कुठे गेले, हे तो विचारू शकला असता. ते मी सुईण बाईकडे दिले होते, तिच्या पाठीच्या नव्या पिल्लात अर्धं माझं होतं, आणि कशासाठी ते मी फक्त तिलाच सांगितलं होतं.

तो टोपऱ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "मी खोटं कुठी बोलली?"

त्यानं राहिलेल्या तीन पुरचुंड्यांत पैसे टाकले आणि एकेक करून बांधल्या. तिसरीच्या गाठीवर गाठ मारायला त्यानं ती माझ्याकडे केली. मी हात पुढे केला नाही.